डावीकडचा सलाम

आई गेली त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. भांडले असते तर निदान दोन शब्द तरी झाले असते. माझा नुसता अबोला होता. मी इथून, साता समुद्रापलीकडून, धावतपळत नागपूरला पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. ज्याच्यावर इतकी वर्षं भार टाकला, त्यानं शेवटची भेटसुद्धा घडवू नये, याचा मला राग आला होता. बॉथेलच्या आमच्या तळमजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये, स्वयंपाकघरातल्या एका कप्प्यात दत्ताची तसबीर आणि आईनं दिलेलं पितळी निरांजन होतं. त्यावर धूळ बसली, तरी मी हात लावला नाही.

मग बाबांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, त्यात मधुमेह आणि रोजचं इन्सुलिन. आल्या दिवशीच त्यांनी निरांजन घासूनपुसून लखलखीत केलं आणि रोज सांजवात लावायला लागले. मला एका शब्दानंही टोकलं नाही. मी दिवसभर लॅबमध्ये, नवरा बेलव्ह्यूच्या ऑफिसात, घरी बाबा एकटे. साखर एकदम उतरली तर बघायला कोण, या विचारानं माझा जीव सतत टांगणीला असायचा.

त्यांची करमणूक झाली ती समोरच्या बिल्डिंगमधल्या आमिनाथमुळे. मधे फक्त हिरवळीचा पट्टा. तिचा नवरा युनिव्हर्सिटीत शिकत होता आणि दोघं मालदीवची होती. नाव ऐकताच दत्तभक्त बाबांनी तिला नवनाथांच्या पंगतीतला दहावा नाथ करून टाकलं. हिंदी सिनेमे बघून ती झकास हिंदी बोलायची. डोक्यावरचा रुमाल बघून कॉम्प्लेक्समधले काही लोक तिला टाळत, पण ती मान वर करून, हसून सगळ्यांना हॅलो म्हणायची. मला तिचं फार कौतुक वाटे. दारात उभी राहून ती तिच्या बेटाबद्दल सांगे आणि बाबा शाळेतल्या पोरासारखे ऐकत. बेट एवढंसं, की एका मशिदीची बांग घरोघरी आणि किनाऱ्यावरच्या होड्यांपर्यंत ऐकू जाते. बांग झाली की दुकानदार फळी लावून नमाजेला जातो, गिऱ्हाईकही जातं, आणि नमाज झाली की राहिलेली घासाघीस तिथूनच पुढे सुरू होते. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

"बाबूजी, हमारे यहाँ सूरज पूरा साल एक ही टाइम पे आता-जाता है," ती एकदा म्हणाली. "यहाँ तो नमाज़ के पीछे भागना पड़ता है."

"बेटी, सूरज भी इधर व्हिसा पे आया है," बाबा म्हणाले. "रहेगा थोडा, जाएगा जल्दी."

खरंच होतं ते. उन्हाळ्यात रात्रीच्या नमाजेसाठी तिला डोळे ताणून जागावं लागे आणि नोव्हेंबरात दुपारची, तिसऱ्या प्रहराची आणि संध्याकाळची नमाज एकमेकींच्या पायात पाय घालून येत. सूर्य तर आठवडेच्या आठवडे ढगांआड. तरी तिची एक वेळ चुकत नसे. कुणी बोलावत नाही, कुणी बघत नाही, तरी ही बाई हातपाय धुऊन उभी राहते, हे बघून माझ्या आत काहीतरी हलायचं. पण मी ते दाबून टाकायची.

एके दिवशी बोलता बोलता कळलं की ती पूर्वेकडे तोंड करून नमाज पढते. बेटावर असताना मक्का पश्चिमेला. इथे जगाच्या नकाशात बघून तिनं पूर्व धरली होती. भूगोलाच्या मास्तरांना हे कसं सहन व्हावं! त्यांनी आमच्या फ्रिजमधलं संत्रं काढलं. "हे कसलं संत्रं बाप्पा, नुसतं पाणी," असं म्हणून त्यावर पेनानं दोन टिंबं काढली, एक बॉथेल आणि एक मक्का, आणि मधे शिवणाचा दोरा ताणून धरला. दोरा सरळ वरून, उत्तरेकडून गेला. "नक्शा काग़ज़ का है बेटी, धरती गोल है. उत्तर को खड़ी रहो, ज़रा-सी पूरब को."

तिनं लगेच मानलं नाही. आधी मशिदीत जाऊन विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी हसत आली. "वहाँ भी यही बोला, बाबूजी. आप पास!" त्या दिवसापासून तिची जानमाज, नमाजेची चटई, फिरली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. पावसाची झड लागलेली. तुळशीची कुंडी बाहेर गारठतेय म्हणून बाबा ती आत घ्यायला दारापुढच्या फरसबंद पॅटिओत गेले, आणि साखर उतरून तिथेच कोसळले. मी लॅबमध्ये हातमोजे घालून कामात, फोन बाहेर लॉकरमध्ये.

तेव्हा आमिनाथची तिसऱ्या प्रहराची नमाज संपत आली होती. नमाज संपवताना मान आधी उजवीकडे वळवून सलाम करतात, मग डावीकडे. पूर्वी आमच्या घराकडे तिची पाठ असायची. आता डावीकडे मान वळवली की खिडकी, आणि खिडकीपलीकडे आमचा पॅटिओ. सलाम ओठांवर असतानाच तिला ओल्या फरशीवर बाबांची तपकिरी कानटोपी दिसली, आणि मग बाबा दिसले. ती अनवाणीच धावली. बाबा अर्धवट शुद्धीत होते. तिनं 911 ला फोन लावला, ते सांगतील तसं आमच्या स्वयंपाकघरातल्या मधाचं बोट त्यांच्या हिरड्यांना लावत राहिली आणि अँब्युलन्स येईपर्यंत आपली शाल त्यांच्यावर धरून पावसात बसली.

हॉस्पिटलात मी पोचले तेव्हा बाबा डोळे उघडून पडले होते. त्या गारठ्यात आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. आमिनाथ ओल्या कपड्यांत कोपऱ्यात उभी होती आणि सारखी खिडकीकडे बघत होती. बाहेर अंधारून येत होतं. तिची संध्याकाळची नमाज निघून चालली आहे हे माझ्या ध्यानात आलं. मी माझा कोट काढला आणि फरशीवर अंथरला.

"दीदी, किधर?" तिनं विचारलं.

मला काय ठाऊक! तेवढ्यात पलंगावरून सलाईन लावलेला हात उचलला गेला. खिडकीबाहेरचा रस्ता कुठे जातो याचा अंदाज घेत बाबांनी बोट दाखवलं. "उत्तर. ज़रा-सी पूरब."

ती उभी राहिली. मी तिच्या डाव्या बाजूला खुर्चीत बसले होते. नमाज संपली तशी तिनं उजवीकडे मान वळवली, मग डावीकडे, आणि तिचा सलाम सरळ माझ्यावर आला. तो खांद्यावरच्या फरिश्त्यांना असतो आणि शेजारी असेल त्यालाही, असं तिनं मागे सांगितलं होतं. कित्येक महिन्यांत न रडलेली मी तिथे ढसाढसा रडले. आईसाठीही रडले.

बाबा घरी आल्यावर म्हणाले, "मी तिला तिच्या देवाची दिशा दाखवायला गेलो, अन् त्यानं तिला मलेच दाखवलं. आपण फक्त दोरा ताणायचा बेटा. कोण कुठं पोचेल, ते त्याच्याकडे." हा चमत्कार होता की योगायोग, हे मी कुणाशी वाद घालून ठरवायला गेले नाही. आईची भेट का झाली नाही, तेही मला आजवर कळलेलं नाही. पण मी ते आता विचारत नाही. त्याच्या पायाशी ठेवून दिलंय.

त्या संध्याकाळी निरांजन मी लावलं. दत्ताला हात जोडले आणि मग, कुणी शिकवलं नव्हतं तरी, मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे. डावीकडे बाबा खुर्चीत बसून संत्रं सोलत होते.