आवाजाविना आलेली सूचना

ज्याला ऐकणाऱ्याची तळमळ नाही त्याने बोलू नये, आणि ज्याला पोचवण्याची कळकळ नाही त्याने सूचना लिहू नये. हा धर्म शाईस्ताला कोण्या ग्रंथाने शिकवला नव्हता. बीडच्या पाशा मिस्त्रींची ती लेक. जीपचे इंजिन उघडले की बाप गिऱ्हाइकाला नुसते सांगत नसे. त्याचा हात धरून बिघाडावर ठेवत असे. लेकीने तेवढेच उचलले आणि जन्मभर पुरवले.

एका खासगी संस्थेच्या बालवाडी शिक्षिका अभ्यासक्रमात ती शिकवत होती. अभ्यासक्रम सारा मोबाइलवरचा, विद्यार्थिनी बासष्ट. त्यांतल्या अकराजणी दसरा होताच नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेलेल्या. पहाटे हातात कोयता, उन्हात डोक्यावर मोळी; आणि घरातला एकुलता एक फोन नवऱ्याच्या खिशात. तो गाडीबरोबर कारखान्यावर गेला की फोनही गेला. दुपारी भाकरीच्या वेळी हाती येईल तेवढीच त्यांची शाळा.

म्हणून शाईस्ताची प्रत्येक सूचना चार दिवस आधी जाई. लिहिलेल्या दोन ओळी, आणि सोबत तिचा आवाज: "लेकींनो, नीट ऐका." तीच सूचना, त्याच शब्दांत, तीन वेळा. ज्यांनी ऐकली नाही त्यांची नावे यादीत दिसत. त्यांना ती स्वतः फोन करी.

भाद्रपदात कोणा भामट्याने संस्थेच्या नावाने खोटा निरोप फिरवला: अभ्यासक्रम बंद झाला, आधार कार्डे या क्रमांकावर पाठवा. दोघींनी पाठवलीही. तेव्हा शाईस्ता संतापली आणि तिने नियम घालून दिला: "माझा आवाज नसेल, ती सूचना आपली नाही. तिला हात लावायचा नाही."

माघात आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन निघाले. शाईस्ताने दोन दिवस रजा घेतली. नेमके त्याच मंगळवारी संचालक रामप्रसाद सरांना शिस्त आठवली. सकाळी दहा वाजता त्यांनी सूचना लावली. इंग्रजीत, दोन ओळी: मुलांना शिकवतानाचा व्हिडिओ आज सायंकाळी सहापर्यंत पाठवा, अन्यथा परीक्षेस बसता येणार नाही.

गुरुवारी शाईस्ता कामावर आली. ऊसतोडीला गेलेल्या अकराजणींची नावे यादीतून पुसलेली होती; गावात राहिलेल्या बाकीच्यांनी संस्थेत विचारून खात्री केली होती आणि व्हिडिओ पाठवले होते. तिने पहिला फोन लावला तो उमापूरच्या सुनिताला. भाग्य म्हणावे, दुपार होती.

"सुनिता, मंगळवारची सूचना पाहिली नाहीस का गं?"

"पाहिली न्हाई कशी, मॅडम? पाहिली की!" सुनिताच्या स्वरात आनंद मावत नव्हता. "तुमचा आवाज नव्हता. मी लगेच वळखलं, खोटी हाय म्हनून. बाकीच्या दहाजणींनाबी फोन फिरवून सांगितलं, कुणी हात लावू नका. एकीनंबी लावला न्हाई बगा!"

ती शाबासकीची वाट पाहत होती. ज्या पोरींनी शाईस्ताचा शब्द झेलला त्याच बुडाल्या होत्या; आणि तो शब्द तिचा होता.

"बरं केलंस, माय," ती कशीबशी म्हणाली. "आता फोन जवळच ठेव."

मग ती उठली आणि सरळ संचालकांच्या दालनात शिरली.

"सर, अकरा नावं कावून कापली?"

"मॅडम, सूचना दिली होती ना." रामप्रसाद सरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. "हे बघा, अकराही जणींनी उघडलेली हाय. वाचून बसल्या गप. आता नवऱ्याचा फोन, फडातली रेंज, असली कारणं सांगू नका."

"कारण नाही सांगत. चूक सांगते. माझ्या आवाजाशिवाय विश्वास ठेवू नका, हे मीच शिकवलं. शिक्षा मला करा."

"नियम म्हंजे नियम. तुमच्या आवाजावर संस्था चालते का?"

आता शाईस्ताच्या डोळ्यांत विस्तव उतरला. आठ तासांची मुदत, तीही पोरी उसाच्या फडात असताना! परकी भाषा, बंद खोली, बोटाची एक टिचकी, की झाले कर्तव्य! दवंडी देणारासुद्धा गल्लीगल्लीत थांबतो, दार उघडेपर्यंत हाळी घालतो. आणि इथे शिकलेला माणूस कागद वाऱ्यावर सोडतो अन् वाऱ्यालाच साक्षीला बोलावतो?

तिने मोबाइल काढला, ध्वनिमुद्रण सुरू केले आणि टेबलावरून पुढे सरकवला.

"ठीक आहे. संस्था तुमची, नियम तुमचा. मग सूचनाही तुमच्याच तोंडून जाऊ द्या. बोला. पहिलं नाव सुनिता. सांगा तिला, बाई, तू सांगितल्यासारखं वागलीस, म्हणून तुझं वर्ष गेलं. नाव घेऊन सांगा. अकरा नावं आहेत."

"हे काय लावलंय, मॅडम?"

"बोला सर. चालू आहे."

सरांनी घसा खाकरला. "सुनिता…" म्हणाले, आणि थांबले. लिहिताना ते नाव नव्हते, यादीतली ओळ होती. जिभेवर येताच ती कोणाची तरी लेक झाली. त्यांनी फोनकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले.

"सुनिता… आणि बाकीच्या. मी रामप्रसाद, संचालक. व्हिडिओ रविवारपर्यंत पाठवा. परीक्षेला बसता येईल." फोन परत ढकलत ते पुटपुटले, "झालं समाधान?"

"माझ्या समाधानाचा प्रश्नच नव्हता, सर."

सूचना गेली. पाच मिनिटांत सुनिताचा निरोप आला, आणि शाईस्ताने तो सरांसमोरच मोठ्याने लावला: "मॅडम, हे बाबा कोन हायेत? ह्यांचं खरं धरायचं का न्हाई?"

"धर," शाईस्ता म्हणाली. "मी समोरच बसलीय."

रविवारपर्यंत नऊ व्हिडिओ आले. उसाच्या पाचटावर बसलेली तोडकऱ्यांची लेकरे कांड्या मांडून मोजत होती. दोन आले नाहीत. सोमवारी सरांनी वहीतल्या त्या दोन नावांपुढे लाल रेघ ओढायला घेतली, तोच शाईस्ताने वही ओढून घेतली.

"फोन लागत नाही, म्हणजे पोरगी नाही असं होत नाही!" ती कडाडली, आणि त्यांच्याच टेबलावरच्या फोनवरून तिने त्या दोघींच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा नंबर फिरवला.