बारडोलीच्या मातीतलं शिसं

हळदीकुंकवाची बोटं न धुता मी एकदा प्रयोगशाळेत गेले आणि बारडोलीच्या मातीत शिसं सापडल्याचं जाहीर करून मोकळी झाले. माझ्या विद्यार्थिनींना हे ठाऊक नाही. हात धुतल्याशिवाय यंत्राजवळ फिरकू न देणारी बाई, एवढीच मी त्यांना माहीत. मी जन्मतःच काटेकोर असणार, असं त्यांना वाटतं. वाटू दे.

तेव्हा मी पीएच.डी. करत होते. नुकतं लग्न झालेलं, आणि अक्कल सगळी पदवीच्या कागदात. संक्रांतीनंतरचे दिवस. सुरतेच्या डिंडोली भागातल्या आमच्या गल्लीत पाच घरची बोलावणी. प्रत्येकीला हळदकुंकू लावायचं, लावून घ्यायचं, तिळगूळ तोंडात टाकायचा. चार वाजता एक्स-रे यंत्रावर माझी पाळी. चुकली की थेट पुढचा आठवडा. म्हणून ही विदुषी पदर खोचून रिक्षाने विद्यापीठात पोचली आणि त्याच बोटांनी बारडोलीच्या उसाच्या शेतातली माती दाबून तिची वडी केली.

एक्स-रे पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत पाठवतं. आलेखावर त्यांची शिखरं उठतात. त्या दिवशी शिसं आणि क्रोमियम, दोघंही ताठ उभी! घरी येऊन मी व्याख्यानच दिलं. नवरा म्हणाला, "मग आजपासून चहा बिनसाखरेचा का?" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. विज्ञानाचा अपमान म्हणजे काय!

माझ्या गाईडसरांनी शोधनिबंध लिहायला सांगितला. आठवड्यात लिहिला. छापायला धाडायचं पाकीट त्यांच्या टेबलावर तयार. तेवढ्यात पुन्हा माझी पाळी आली, म्हणून त्याच मातीची दुसरी वडी लावली. शिखरं गायब. तिसरी लावली, तेच. नोंदवही उघडली तर त्या दिवशीच्या पानावर पिवळाधमक अंगठा. तेवढा कागद कापून यंत्रात ठेवला. शिसं, क्रोमियम, तीच जोडी. हळदीला झळाळी यावी म्हणून कुणीतरी तिच्यात शिसं-क्रोमियमचा विषारी पिवळा रंग मिसळला होता.

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. सांगितलं तर यंत्राची किल्ली जाणार, मागोमाग पीएच.डी.ही. सर अस्सल सुरती. रागावले की शिवी आधी, वाक्य नंतर. व्हरांड्यात तीन फेऱ्या मारल्या आणि आत जाऊन एका दमात सगळं ओकले.

सरांनी आलेख पाहिला, कागदाचा तुकडा पाहिला. मग पाकीट उचलून शांतपणे फाडलं आणि म्हणाले,

"बेन, मातीची बदनामी केलीस ते मी विसरतो. पण पाचातल्या कुणाच्या डाळीत आज ही हळद पडणार, ते तुला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. यंत्र उद्याही इथंच असेल. तू आत्ता रिक्षा पकड, आणि पाचही घरून चिमूट चिमूट हळद घेऊन ये."