शंभर मायक्रोग्रॅमची गोळी

आमची वहिनी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि घरी आल्यावरही ते थांबवत नाही. आईनं चिमूटभर मीठ म्हटलं की हिच्या कपाळाला आठी. "चिमूट कुणाची? ग्रॅममध्ये सांगा."

"माझी चिमूट. तुझ्या नवऱ्याला तिनंच वाढवलंय," आई म्हणते. मग दोघी आपापल्या मापानं मीठ घालतात आणि आम्ही मुकाट्यानं पाणी पीत जेवतो.

वर्गात तिचा धाक मोठा. ग्रॅमचे मिलिग्रॅम करताना कुणी दशांशचिन्ह चुकवलं, तर ती शांतपणे वही मिटते. "तुम्ही आत्ता एक पेशंट मारलात." शाळेत असताना मीही तिच्याच वर्गात होते. या हिशेबानं मी एक अख्खं गाव संपवलंय.

परवा सकाळी आईच्या थायरॉईडच्या गोळ्यांची नवी डबी उघडली. दुकानात नेहमीच्या कंपनीच्या नव्हत्या, म्हणून वहिनीनं दुसऱ्या आणलेल्या. एक गोळी आईच्या हातावर ठेवून तिनं डबी वाचली. जुनीवर ०.१ मिलिग्रॅम होतं, हिच्यावर १०० मायक्रोग्रॅम.

"थांबा हं आई, बघते," म्हणत तिनं वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. ०.१ मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम आले दहा. म्हणजे नवी गोळी दहापट! पुन्हा मांडलं, पुन्हा दहा. मिलिग्रॅमला हजारानं गुणायचं, हे जन्मभर घोकून घेणारी बाई शंभरानं गुणत बसली होती. चेहरा पांढराफटक. मला हसू येत होतं, पण ती तोच दहा पुन्हा पुन्हा गिरवताना दिसली आणि ते विरलं.

"तू कर गं," तिनं पेन माझ्याकडे सरकवलं. माझ्याकडे! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, ती काडी मी. दशांशचिन्ह एकेक घर उजवीकडे नेत तीन घरं सरकवलं.

"वहिनी, शंभरच येतात. गोळी तीच आहे."

"नक्की? परत कर."

परत शंभर. तिनं मोठा श्वास सोडला. "अहो आई, घ्या आता गोळी."

आईनं रिकामा पेला पुढे केला. "ती मघाशीच घेतली."

"मघाशी?" वहिनी ओरडलीच. "आणि ती दहापट निघाली असती तर? थांबायचं नाही का?"

"तू हातावर ठेवलीस, मी घेतली," आई म्हणाली. "त्यात मोजायचं काय?"

वहिनीला रडू फुटलं. तिला चिडवायची अशी सोन्यासारखी संधी पुन्हा येणार नव्हती, पण मलाच भरून आलं.