बायजाबाईच्या अंगणातलं अस्वल

टेंभुरटोल्याच्या बायका मोहफुलं वेचायला उजाडायच्या आत निघत. उशीर झाला की जमिनीवर पडलेला सडा ढोरं खाऊन टाकत, आणि ढोरांच्याही आधी अस्वलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी जायचं, कारण होळीनंतर रानात दुसरं काम नसे. उमरेडच्या पलीकडे जंगलाला चिकटलेलं गाव ते. नाल्याच्या बाजूला बौद्धांची वस्ती, वरच्या अंगाला पाटलांची आळी, आणि त्यापुढे नुसता साग नि मोह.

अडुसष्ट साली होळी झाल्यावर बायजाबाईनं एका मोहाखाली टोपली टेकवली, तर बुंध्याच्या पलीकडे अस्वल आधीच फुलं खात बसलेलं. दोघंही सारखीच दचकली. पळायला तिला वेळ मिळाला नाही. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं, त्यानं तिला खाली पाडलं आणि चेहऱ्यावरून पंजा ओढला. शेजारची यमुताई आणि बाकीच्या बायकांनी टोपल्या बडवत, बोंबलत धाव घेतली तेव्हा ते झुडपात शिरलं. त्याचा फाटलेला कान बायजाबाईला दिसला. मग डोळ्यांत रक्त ओघळलं आणि काहीच दिसेना.

नागपूरच्या दवाखान्यात डाव्या गालाला टाके पडले. डावा डोळा गेला. ओठाचा कोपरा वर ओढला गेला तो कायमचाच, त्यामुळे ती रागात असली तरी हसल्यासारखी दिसायची. घरी आली तेव्हा दोन वर्षांची इंदू आईला ओळखेना; आजीच्या मागे लपून रडायला लागली. बायजाबाईनं पदर ओढून घेतला आणि चुलीपाशी जाऊन बसली. अस्वलाला मात्र तिनं एकदाही शिवी दिली नाही. यमुताईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "त्याले भूक लागली होती, मलेही लागली होती. काय शिव्या द्यायच्या?"

ती घरी येऊन पंधरवडाही झाला नसेल, एका दुपारी वरच्या आळीकडून हलगी ऐकू आली. दहा-बारा माणसं बांबूला अस्वल उलटं टांगून घेऊन येत होती, आणि पुढे चालत होता बळीराम, तिचा नवरा, गळ्यात झेंडूची माळ घालून. मागून पाटील नानाजी. अस्वल आणून त्यांनी बायजाबाईच्या अंगणात धपकन टाकलं.

"घे वं बायजे!" नानाजी म्हणाले. "तुया बदला घेतला आमी. नाल्यात घेरलं आन् कुऱ्हाडीनं मारलं. ठेव त्याच्यावर पाय."

बायजाबाई जवळ गेली. अस्वलाची जीभ बाहेर लोंबत होती, तिला माती चिकटली होती. दोन्ही कान धड होते. पोटाखाली केस ओले दिसले म्हणून तिनं वाकून पाहिलं, तर दूध गळत होतं.

"हे ते नोहे," ती म्हणाली. "त्याचा कान फाटेल होता. आन् ही मादी हाय. पिलंवाली."

"अस्वल ते अस्वल," कोणीतरी हसून म्हणालं. "त्याच्यात काय पाहाचं?"

मग जे सुरू झालं ते तिला जन्मभर आठवत राहिलं. अस्वलाचा केस पोराच्या गळ्यात बांधला की पोर दचकत नाही, नख कमरेला बांधलं की बाहेरची बाधा होत नाही, अशी समजूत. सगळा गाव तुटून पडला. बायका मुठीमुठीनं केस उपटू लागल्या. एकानं विळ्यानं नखं काढली. नानाजींच्या गड्यानं पोट फाडून चरबी डब्यात भरली, पाटलीणबाईंच्या गुडघ्यांसाठी. दूध आणि रक्त एक होऊन अंगणभर पसरलं, त्यावर माश्या. आणि बळीराम मधोमध उभा राहून सांगत होता, "ज्याच्या घरच्या बाईले अस्वलानं फाडलं, त्याच्या हातचा केस जास्ती लागू होते!" लोक त्याच्यापुढे हात पसरत होते, तो चिमूट चिमूट वाटत होता. ज्या नानाजींच्या ओट्याखाली तो कालपर्यंत चप्पल हातात घेऊन उभा राही, ते त्याला "बळीरामजी" म्हणत होते.

बायजाबाई घरात गेली, तर सासूनं इंदूच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात केस बांधलेले.

"मामी, हे काय?"

"राहू दे वं. लेकरू तुले पाहून दचकते ना."

बायजाबाईनं तो दोरा तोडला आणि चुलीत टाकला. जळक्या केसांचा वास घरभर सुटला. "नागपूरले दीक्षा घेऊन आलो तवा गंडेदोरे याच हातानं नाल्यात फेकले होते तुमी," ती म्हणाली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. म्हातारी त्याच्याकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी उन्हात अस्वल फुगलं. आता ते अस्वल राहिलं नव्हतं. जागोजाग टक्कल पडलेलं, पोट उसवलेलं, बोटं छाटलेलं एक धूड. वास असा की पाण्याचा घोट घशाखाली उतरेना. कुत्री यायची, हुंगायची आणि पळून जायची. काल मुठी भरून केस नेणारं एकही माणूस वस्तीकडे फिरकलं नाही. संध्याकाळी नानाजींचा निरोप आला: अस्वल ओढून रानात टाकावं.

कोणी ओढावं हे निरोपात नव्हतं. सांगायची गरज नव्हती. मेलेली ढोरं ओढणं हे पिढ्यान् पिढ्या वस्तीच्याच माथी होतं. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं ते काम टाकलं. त्यापायी गावानं विहीर बंद केली, पिठाची चक्की बंद केली, मजुरी बंद केली. वस्तीनं नाल्यात झिरे खणून पाणी काढलं, पण ढोराला हात लावला नाही. शेवटी गावच नमलं.

बळीराम मात्र दोर शोधत होता.

"काय करून राहिले तुमी?" बायजाबाईनं विचारलं.

"हे तं ढोर नोहे ना. आपल्याच अंगणात हाय. नानाजीनं मानानं सांगितलं. काल त्यायनं मले ओट्यावर बसवलं, चहा देला. एवढ्यासाठी काहून बिघडवाचं?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याच्या नखांत अजून अस्वलाचं सुकलेलं रक्त होतं, गळ्यात कोमेजलेली माळ. त्याच गळ्यात छप्पन्न सालच्या गर्दीत पांढरा दुपट्टा होता आणि ती नवी नवरी म्हणून त्याच्या मागं मागं चालली होती. या माणसाच्या ताटात आपण बारा वर्षं जेवलो, असं मनात आलं आणि तिला खरोखरच उलटी झाली. भिंतीला धरून ती ओकली. मग तोंड पुसून म्हणाली, "त्या दोराले हात लावला तं या घरात पाय ठेवू नका. ज्यानं केस उपटले त्यानं ओढावं."

त्यानं दोर खाली टाकला, पण तोंडातल्या तोंडात शिवी दिलीच.

पुढच्या दिवशी अक्षय तृतीया होती. नानाजींकडे उमरेडचे व्याही आले होते, ओट्यावर पुरणपोळीची पंगत बसलेली. बायजाबाई इंदूला कडेवर घेऊन वरच्या आळीत गेली आणि ओट्यासमोरच्या लिंबाखाली बसली. मागून यमुताई आली, मग वस्तीतल्या चार बाया. बायजाबाईनं डोक्यावरचा पदर मागे सारला आणि गालावरची पट्टी सोडली.

टाके अजून ओले होते. डोळ्याच्या खाचेतून पाणी गळत होतं. व्याह्यांचा हात तोंडाशी थांबला. एक बाई तोंडाला पदर लावून आत पळाली.

"झाक ते!" नानाजी ओरडले. "लोकं जेवून राहिले, दिसत नाही?"

"आमी दोन दिवसापासून जेवलो नाई, नानाजी. आंगणात सडून राहिलं तुमचं."

"तुमचं काम हाय ते. तुमी ओढा."

"ते काम बारा वर्षं झाले सोडून. चरबी तुमच्या घरात हाय, नखं तुमच्या पोराच्या कमरेले. वाटा घेतला तं पुरा घ्या." तिचा फाटलेला ओठ वर ओढला गेला होता, व्याह्यांना वाटलं ही बाई हसते आहे. "मी हलत नाई इथून. वाढा पंगत."

पंगत कोणीच वाढली नाही. व्याह्यांनी हळूच विचारलं, कसलं अस्वल, कोणाची चरबी? त्यातच वारा फिरला, आणि नाल्याकडचा वास पुरणाच्या वासात मिसळून ओट्यावर आला. व्याह्यांनी पान सारून हात धुतला.

ऊन उतरल्यावर नानाजींच्या गड्यांनी बैलजोडी आणली. अस्वलाचा वास लागताच बैल थरथरले, जू टाकून उधळले. मग गड्यांनीही अंग काढून घेतलं. अखेर नानाजींचे दोन्ही मुलगे नाकाला उपरणी बांधून आले आणि स्वतः दोर ओढू लागले. सगळी वस्ती दारात उभी राहून पाहत होती. कोणी हसलं नाही. धाकटा दोनदा ओकला. नाल्यापलीकडे खड्डा खणून ते धूड पुरलं गेलं तेव्हा अंधार पडत होता.

बायजाबाईनं अंगण खरवडून काढलं, शेणानं तीनतीनदा सारवलं. वास गेला असं बाकीच्यांना वाटलं. पाऊस सुरू झाल्यावरही तिला तो येत होता. गावात तिला कोणी शाबासकी दिली नाही. वरच्या आळीनं त्या साली वस्तीला निंदणाचं काम दिलं नाही, म्हणून वस्तीतल्या बायका दूरच्या गावांत मजुरीला गेल्या. बळीरामला ओट्यावर परत कोणी बोलावलं नाही. ती त्याला जेवायला वाढायची, पण त्याच्या हातचं पाणी तिनं कितीतरी महिने घेतलं नाही; स्वतः उठून घ्यायची.

पिलांचं काय झालं ते कळलं नाही. यमुताई म्हणायची, दुसऱ्या अस्वलानं नेली असतील. बायजाबाईचा त्यावर विश्वास नव्हता, पण ती खोडून काढत नसे.

पुढच्या होळीनंतर ती परत मोह वेचायला गेली. आता बायका घोळक्यानं जात, हातात वाजवायला रिकामे डबे. मोहाचा गोड, उबट वास नाकात शिरला की तिला मळमळायचं. मग ती पदर नाकावर ओढून, एका डोळ्यानं भराभरा वेचायची. त्या वर्षी इंदू कोणाचंही बोट न धरता तिच्या मागून चालत आली होती, आणि वाटेत भेटलेल्या एका अनोळखी बाईनं "तुया मायच्या तोंडाले काय झालं वं?" असं विचारलं, तेव्हा ती पोरगी न दचकता म्हणाली, "अस्वल." आणि पुढे चालू लागली.