न धरलेला उपास

बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या आजोबांना नेमकं काय झालं होतं, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत आणि मी "आजारी होते" एवढंच म्हणाले. फोनवर तेवढंच जमतं. काय झालं ते इथे क्रमाने लिहिते.

आजोबा तेव्हा नगरच्या पूर्वेला, पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात पाळक होते. पत्र्याचं लहानसं चर्च आणि त्याला लागून आमच्या दोन खोल्या. तुमची आई नगरला बोर्डिंगात होती, म्हणून घरात आम्ही दोघंच. चर्चला येणारी मंडळी सगळी गावकुसाबाहेरची. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना गावच्या विहिरीवर चढू दिलेलं नव्हतं. त्यांनी धर्म बदलला, पण विहिरीचा नियम तोच राहिला. एरवी ओढ्यातल्या झऱ्यावर भागायचं. त्या वर्षी ओढाच आटला. सरकारी टँकर यायला लागला, पण तो सगळं पाणी गावच्या विहिरीत सोडून निघून जायचा. आमच्या बायका घागरी घेऊन खाली उन्हात उभ्या राहायच्या. वरच्या एखादीला दया आली तर ती वरून ओतायची, नाही आली तर रिकाम्या घागरी परत.

आजोबांनी अर्ज केले, तालुक्याला खेटे घातले. एकदा मीही बरोबर होते. तिथले साहेब हसून म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही परलोकाचं बघा, पाण्याचं आम्ही बघतो." कचेरीतले कारकूनही हसले. गावचे सरपंच बोलायला गोड. "पाणी देतोच की आम्ही. वर चढायचाच हट्ट कशाला?" आणि आमच्याच वरिष्ठांचा निरोप आला की पाळकाने गावात तंटे वाढवू नयेत. हा शेवटचा निरोप त्यांना सगळ्यांत जास्त लागला.

तोवर झऱ्याच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी पिऊन वस्तीत हगवण लागली होती. त्या उन्हाळ्यात आजोबांनी वस्तीतली लहान मुलं पुरली. घरी येऊन हात धुवायचे आणि बसून राहायचे. दारात माणूस असायचंच. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून आलेलं, पाय सुजलेलं माणूस म्हणायचं, "साहेब, प्रार्थना करा." ते उठायचे, त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. कोणालाही नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि पाळकाने नाही म्हणायचंही नसतं.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. आधी दाढी करणं सुटलं. मग रविवारचा उपदेश त्यांनी मंडळीतल्या पंचांकडे दिला. झोप गेली. शेवटी जेवण गेलं. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसायचे. मी भाकरी कुस्करून दुधात द्यायचे, ती तशीच राहायची. एका दुपारी ते मला म्हणाले, "डोळे मिटले की समोर कोणीच नसतं. आणि सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. अशा आजाराला नाव असतं आणि डॉक्टरही असतो, हे वाचून मला ठाऊक होतं. नगरच्या मिशन हॉस्पिटलात जाऊ, असं मी रोज म्हणायचे. ते म्हणायचे, "लोक काय म्हणतील? पाळकाचाच विश्वास उडाला."

मंडळीत एक वडीलधारी बाई होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. त्याही खडी फोडायच्या. जीभ तिखट, पण आजोबांवर जीव. कामावर मजुरांना सुकडी मिळायची, पिठाचा गोडसर कोरडा खाऊ. त्यातली आपल्या वाट्याची मूठभर पदरात बांधून त्या एके दिवशी घेऊन आल्या. आजोबांनी मान हलवून नको म्हटलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब उपासाला बसलेत म्हना की."

"उपास नाही हो मावशी. त्यांना जेवणच जात नाही. बरं नाही त्यांना."

"व्हय व्हय." त्यांनी गाठ पुन्हा बांधली. "आपल्यात उपास दवंडी पिटून करायचा नसतो. ठाऊक हाय आमाला."

"मावशी, मी खरं सांगतेय."

"सांगा की. तुमी असंच सांगनार."

इथे माझी अडचण तुमच्या लक्षात येईल. उपास लोकांना दिसू देऊ नये, गुप्त ठेवावा, ही शिकवण आजोबांनीच दर वर्षी त्यांना दिली होती. त्यामुळे मी जितकं नाही म्हणावं तितकी त्यांची खात्री पटायची. पाण्यासाठी साहेबांनी उपास धरलाय आणि बाई तो झाकताहेत, असं वस्तीभर झालं. मग बायकांनीही साहेबांच्या सोबतीने उपास धरला. दिवसभर हातोडा चालवायचा आणि संध्याकाळी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी बाजूला सारायची. कामावर एक जण चक्कर येऊन पडली. मी घरोघर जाऊन सांगितलं की जेवा. त्या मान डोलवायच्या, आणि मी गेले की एकमेकींना म्हणायच्या, बघ, किती जपतात बाई.

मी एका सकाळच्या एस.टी.ने त्यांना नगरला न्यायचं ठरवलं. त्यांनीही हो म्हटलं होतं. नाही म्हणायचं बळच नव्हतं त्यांच्यात. पिशवी घेऊन दार उघडलं, तर पायरीवर वस्ती बसलेली.

"कुठं नेताय साहेबाला?" एकाने विचारलं.

"डॉक्टरांकडे."

"तिथं सलाईन लावत्यात अन्‌ उपास मोडत्यात. आमी न्हाई जाऊ देनार."

त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, माया होती. मायेने अडवलेल्या दारातून कसं बाहेर पडायचं ते मला कळेना. एस.टी. गेली. मी पिशवी परत खुंटीला अडकवली. आतून ते म्हणाले, "राहू दे." त्या दोन शब्दांची मला भीती वाटली.

उपासाची बातमी तालुक्याला पोचेपर्यंत तिचं उपोषण झालं होतं. दुष्काळात एक पाळक पाण्यासाठी प्राण सोडतोय, ही गोष्ट वर्तमानपत्रात गेली तर वरून विचारणा होणार. मग जीप आली. परलोकाचं बघायला सांगणारे तेच साहेब उतरले, बरोबर सरपंच. शिपायाच्या हातात लिंबं. त्या दिवसांत लिंबू पाहायला मिळत नव्हतं. त्याने आमच्याच ओट्यावर पेल्यात सरबत केलं. सगळी वस्ती भोवती जमली.

आजोबांना बाहेर आणून खुर्चीवर बसवलं. साहेब त्यांच्यापुढे वाकले. "पाळकसाहेब, तुमच्या वस्तीसाठी वेगळा टँकर लावायचं मनात आहे. तुम्ही एवढं घ्या आणि उपोषण सोडा, म्हणजे झालं."

त्यांनी तो पेला घ्यावा असं माझ्याही मनात आलं. एका घोटात पाणी मिळत होतं. पण तो घोट घेतला की ते बरे झाले असं ठरणार होतं. रविवारी व्यासपीठ, सोमवारी कचेरी, आणि दारात पुन्हा माणसं. मग नगरचं नाव कोणी काढू दिलं नसतं. ते त्यातून जगले असते असं मला वाटत नव्हतं.

आजोबांनी पेल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी उपोषणाला बसलेलो नाही."

मावशी गर्दीतून पुढे सरकल्या.

"मला जेवण जात नाही. झोप येत नाही. प्रार्थनाही येत नाही. मी आजारी आहे. ह्या सांगत होत्या ते खरं आहे."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मग प्रश्नच मिटला," ते सरपंचांना म्हणाले आणि जीपकडे वळले. गर्दीतून एक जण कळवळून ओरडला, "साहेब, एक घोट घ्यायचा व्हता की हो!" आजोबांनी मान खाली घातली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

तेवढ्यात मावशी जीपच्या पुढ्यात जाऊन बसल्या. रस्त्यावर, मांडी घालून.

"ओ रावसाहेब. पेला कुठं चालला?"

"बाई, उठा तिथून. ऐकलंत ना, उपोषण वगैरे काही नाही."

"त्येंचं नव्हतं. माझं हाय. ह्या समद्या बायांचं हाय. आमचं सोडवा."

"तुम्हाला कोणी सांगितलं उपाशी राहायला?"

"सांगाया कशाला लागतंय? आमच्यात न सांगताच व्हतो उपास. ह्या खेपंला फकस्त जानून धरलाय."

बायका हसल्या. हसत हसतच एकेक येऊन मावशींच्या शेजारी बसली. चक्कर येऊन पडलेलीसुद्धा. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"टँकर वस्तीवर येऊ द्या," मावशी म्हणाल्या, "मग पिते तुमचं सरबत. साखर जरा जादा घाला."

मग त्या मागे वळून आजोबांवर रागावल्या. "आन्‌ तुमी साहेब, आधी सांगाया काय झालं हुतं?"

"ह्या सांगत होत्या की," आजोबा म्हणाले.

"बाईंचं काय, बाई झाकनारच. तुमी सांगायचं. जावा आता नगरला. हितं आमी हाओत."

दुपारच्या एस.टी.ला आम्हाला कोणी अडवलं नाही. पोचवायलाही कोणी आलं नाही, सगळी वस्ती जीपभोवती होती. गाडी सुटल्यावर ते खिडकीशी रडू लागले. सुटल्यासारखं वाटून की आपल्यावाचून अडत नाही हे दिसून, मी विचारलं नाही. दोन्ही असावं. वेगळा टँकर पुढे पाऊस लागेपर्यंत वस्तीवर येत राहिला. विहिरीवर चढायचा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो सुटलेला पाहायला आम्ही त्या गावात नव्हतो. आजोबा गोळ्यांनी बरे झाले, हळूहळू, पण पहिल्यासारखे नाही. अधूनमधून ते दिवस परत यायचे, आणि मग आम्ही न लपवता हॉस्पिटलात जायचो.

नगरला पोचलो त्या संध्याकाळी वॉर्डात त्यांना पलंग मिळाला. नर्स तरुण होती, तीही ख्रिस्तीच निघाली. केसपेपरवर नावाआधी 'रेव्हरंड' वाचून तिचा चेहरा उजळला. चादर नीट करता करता ती हळूच म्हणाली, "पाळकसाहेब, माझा भाऊ परीक्षेला बसलाय. त्याच्यासाठी दोन शब्द प्रार्थना कराल?"

सवयीने त्यांचा हात उचलला गेला. मी तो धरून खाली ठेवला.

"आज नाही," मी म्हणाले. "आज साहेब आजारी आहेत."

मी वाट पाहिली. ती काही समजूत घालेल, किंवा म्हणेल की दोनच शब्द तर.

"बरं," ती म्हणाली, आणि थर्मामीटर झटकलं. "तोंड उघडा, साहेब."