देसाईकाकांच्या ड्राइव्हवेतला ट्रेलर

गंज खरवडला की खाली आणखी गंज निघतो. आमच्या ट्रेलरच्या किश्श्यांचंही तसंच आहे!

२००५मध्ये सांगलीहून इंजिनिअर होऊन मी अमेरिकेत, ट्रॉयला आईबाबांकडे परत आले. डोक्यात एकच वेड होतं. गाडीमागे ओढायचा एक जुना ट्रेलर, म्हणजे चाकांवरची खोलीच, दुरुस्त करायचा, त्यात मराठी पुस्तकं भरायची आणि दर शनिवारी मुलांच्या दारात नेऊन त्यातच मराठी क्लास घ्यायचा. खालची लोखंडी फ्रेम गंजली होती. पण आमच्या महाराष्ट्र मंडळात मोटारकंपन्यांतले बावीस इंजिनिअर! वाटलं, दोन शनिवारांत काम फत्ते. प्रत्यक्षात बाविसांपैकी एकाच्याही घरी गंज घासायचा ग्राइंडर नव्हता.

देसाईकाकूंनी बजावलं होतं, "बर्फ पडायच्या आत झालं नाही, तर भंगारवाल्याला फोन करणार हं!" ट्रेलर उभा होता तो घरापुढचा ड्राइव्हवे त्यांचा होता.

*

पहिल्या शनिवारी आठ जण आले. वरची खोली उचलून लॉनवर ठेवली आणि चार तास चर्चा केली. मी घासायला बसले, तर देसाईकाका ओरडले, "अगं थांब, आधी प्रॉब्लेम डिफाइन करू!"

संध्याकाळी सगळ्यांना मीटिंगचे मिनिट्स ईमेल झाले.

*

फ्रेम किती भार पेलेल याचं काकांनी मग ऑफिसातल्यासारखं कॉम्प्युटरवर अ‍ॅनालिसिस केलं. रंगीत चित्रात फ्रेमचा एक कोपरा लालभडक.

"लाल म्हणजे काय, काका?"

"मोडणार."

"मग आता काय करायचं?"

"आणखी डिटेलमध्ये रन करतो!"

*

मंडळातल्या नागपूरच्या परागला दया आली. त्याने गंज न काढताच काळ्या रंगाचे तीन हात मारले, सगळ्यांना फोटो पाठवला. "झकास यार!" म्हणून एकोणीस उत्तरं आली.

शेजारचा रॉन, रिटायर्ड वेल्डर, येऊन वाकून बघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "रंगाला हात लावू नका. सगळं त्यानंच धरून ठेवलंय."

*

काकांची आठ वर्षांची लेक नेहा रोज येऊन बघायची. मला भरून यायचं. एक दिवस तिने हळूच विचारलं, "ताई, मराठी क्लास या ट्रेलरमध्येच होणार?"

"हो गं!"

"देन प्लीज डोन्ट फिक्स इट."

*

ऑक्टोबरात मंडळाच्या कमिटीने फ्रेम पास केली. खोली परत वर चढवायची म्हणून काकूंनी हळदकुंकू वाहिलं, काकांच्या हातात नारळ दिला. काकांनी "गणपती बाप्पा..." म्हणत तो फ्रेमच्या कोपऱ्यावर आपटला.

नारळ फुटला नाही. फ्रेम फुटली.

"मोरया" कोणी म्हणालंच नाही. काका भोकाकडे बघत पुटपुटले, "बरोबर इथेच लाल होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमिटीच्या ईमेल ग्रुपमधून माझं नाव काढून टाकलं, तो अख्खा नारळ उचलला आणि रॉनची बेल वाजवली.