जोडीचा प्रोसेसर

स्टुडिओवर पाटी महारुद्र आप्पाची, पण आत कॉम्प्युटरपुढं बसायची त्याची बायको वर्षाराणी. केजच्या बसस्टँडमागं दोन खोल्या. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. महारुद्रनं लग्नात कॅमेरा खांद्यावर घेऊन मिरवायचं आणि वर्षाराणीनं ती तीन-तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरात उतरवून, कापून, गाणी लावून नवरा-नवरीला गुलाबाच्या पाकळ्यांतून बाहेर काढायचं. याला मिक्सिंग म्हणत. लग्नाआधी ती अंबाजोगाईला सहा महिन्यांचा कोर्स करून आली होती. उरलेलं चुकत-माकत स्वतःच शिकली. गावाला वाटायचं, आप्पाच सगळं करतो. हळूहळू आप्पालाही तसंच वाटायला लागलं.

दोन हजार दोनचा उन्हाळा. बाजार खुला झाल्यापासून केजातही काय काय यायला लागलं होतं, आणि ज्याच्याकडं ते असेल त्याचा तोरा काही विचारू नका! समोर दुसरा स्टुडिओ निघाला तसा महारुद्र पुण्याला गेला आणि भारीतलं ग्राफिक्स कार्ड घेऊन आला. कॅसेट उतरवायची सोयही त्यातच. खोक्यावर आग ओकणारा राक्षस. तो खोका त्यानं आल्या-गेल्याला दिसेल असा काउंटरवर मांडला.

वर्षाराणीनं आतला कागद वाचला आणि ती महारुद्रकडं वळली.

"अहो, कार्ड लई दमदार हाय, पर आपला प्रोसेसर चार वर्सांचा. कार्ड चित्रं खेचून आणंल, ती आवरून डिस्कवर ठेवायचं काम प्रोसेसरचं. त्याला न्हाई झेपलं तर मधली चित्रं गुपचूप गळत्यात. खोंडाला म्हाताऱ्या बैलासंगं जुपल्यावानी व्हईल. आदी जोडीचा प्रोसेसर घ्या."

दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. महारुद्र त्यांच्याकडं बघून हसला. "ऐका! आमच्या घरात इंजिनेर हाय. भाकरी करपती, पर प्रोसेसर कळतो." चौघंही हसले. वर्षाराणीची भाकरी कधी करपत नव्हती, पण हे तिथं सांगणार कोण?

नव्या कार्डावर पहिली कॅसेट आली ती बबिताच्या लग्नाची. बबिता धारूरकडच्या मेंढपाळाची पोर. बाप लवकर गेला. आई भिवराबाईनं मेंढरं राखून तिला एकटीनं वाढवलं. फोटो काढू का, असं महारुद्रनं विचारलं तेव्हा भिवराबाई म्हणाली होती, "फोटू नको. त्यात लेक हालत न्हाई. शूटिंगच करा." म्हणून त्या लग्नाचा एकही फोटो नव्हता.

कॅसेट उतरत होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात गळालेल्या चित्रांचा आकडा पळत सुटला होता. एरवी तो शून्यावर बसून असायचा. वर्षाराणी घाबरली. "जुनं कार्ड लावून परत उतरवू," ती म्हणाली.

"चार लग्नं तोंडावर हायेत, आन् ही परत उतरिवती!"

आप्पाचा एक रिवाज होता. कॅसेट एकदा कॉम्प्युटरात गेली की तीच पुढच्या लग्नाला वापरायची. हे ठाऊक असल्यामुळं वर्षाराणीनं बबिताची कॅसेट पिठाच्या डब्यात लपवली. महारुद्रनं घर उलथंपालथं करून ती शोधली, पीठ झटकलं आणि गिऱ्हाइकांसमोर तिच्या कानाखाली ओढली. "लई शहाणी झालीस का बे?" गड्याला बोलावं तसं बायकोला. दुसऱ्या दिवशी आडसच्या लग्नात त्याच कॅसेटवर दुसरी नवरी भरून आणली. मेल्या, एक दिवस थांबला असतास तर काय आभाळ कोसळणार होतं!

श्रावणात बबिताला सासरी साप चावला. जीप मिळेपर्यंत पोर संपली. दिवस झाल्यावर पहिल्या बाजाराला भिवराबाई दुकानात आली.

"आप्पा, माजी लेक दावा."

महारुद्रनं लावलं. सनई वाजत होती, बाया गाणी म्हणत होत्या, आणि बबिता अर्धे डोळे मिटून गप उभी. मग एकदम मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. पुन्हा गप उभी. भिवराबाई पडद्याला नाक लावून बघत राहिली.

"हालत कावून न्हाई ओ ही?"

महारुद्रला पळभरही विचार करावा लागला नाही. त्यानं बोट दाखवलं. "हिनं वाटोळं केलं. बाईमाणसाच्या हाती मशीन दिली, माजीच चूक."

वर्षाराणीनं तोंड उघडलं. महारुद्रनं नुसतं बघितलं आणि ते मिटलं. भिवराबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही. "एकदा सापानं मारली," ती म्हणाली, "एकदा तू."

पुढं चार दिवस वर्षाराणी त्या मोडक्या चित्रांत बसली होती. एकेक चित्र वेचून, आवाजाला लावून बघत होती. तीन तासांतून अकरा सेकंद निघाले. हळदीचा प्रसंग: बबिता आईच्या गालाला हळद फासते, आई हात झिडकारते, दोघी हसतात. बबिता धड हलते ती तेवढीच.

पुढच्या बाजाराला महारुद्रनं ते अकरा सेकंद लावले. भिवराबाईनं त्याचे पाय धरले. "आप्पा, देवमाणूस तुमी." त्यानं खुशाल धरू दिले. त्याच महिन्यात नवा प्रोसेसर आला, आणि हा गिऱ्हाइकांना सांगू लागला, "मी पैल्यापासून म्हणत होतो, प्रोसेसर जोडीचाच पायजे." मागच्या खोलीत भाकरी थापणाऱ्या वर्षाराणीला ते दर वेळी ऐकू यायचं.

भिवराबाईच्या घरी टीव्ही नव्हता. ती दर बाजाराला यायची आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारायची, "ती हाय का आत?" मग वर्षाराणीनं उठून मागं जायचं.

एका बाजाराला महारुद्र परळीला लग्नात गुंतला होता. वर्षाराणीनं भिवराबाईला लांबून येताना पाहिलं, घाईनं कॉम्प्युटर लावला, अकरा सेकंद काढून ठेवले आणि दारात आली.

"मावशी, या. मी दावते."

भिवराबाई मागं सरकली. "नको. तुजा हात नको लावूस तिला. हाय तेवढी तरी राहू दे मला."

ती दुपारभर पायरीवर आप्पाची वाट बघत बसली. वर्षाराणीनं पाणी ठेवलं, त्यालाही शिवली नाही. आत पडद्यावर बबिता हळदीचा हात उचलून थांबली होती. धारूरची शेवटची जीप भरायला लागली तशी भिवराबाई उठली आणि लेकीला न बघताच निघून गेली.